सुलभाकाकीचं कुंकू

अन्याय झाला तो तोंडवलीच्या सुलभाकाकीवर. गेल्या वैशाखात, माझी बहीण मंजू हिच्या लग्नात, मंगलाष्टकं सुरू असताना. करणारे आम्ही. बाहेरचं कुणी नाही.

सुलभाकाकी लग्नाचे फोटो काढायची. नवरा स्कूटर चालवायचा, ही मागे दोन कॅमेरे पोटाशी धरून. नवरीला ती कधी ‘स्माईल’ म्हणाली नाही. म्हणायची, “हसू नको गो. हसणां आपसूक येवंदे, मगे मी टिपतंय.” आणि अंतरपाट धरला की हिचा कॅमेरा भलतीकडेच वळायचा, नवरीच्या आईकडे. “नवरा-नवरीक सगळो गाव बघता. आवशीक कोण बघता?” पोरगी दुसऱ्या घरी चाललीय आणि आई पदराआड नाक पुसतेय, असे फोटो आमच्या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत भिंतीवर आहेत.

मंजूचं लग्न ठरलं तेव्हा मामाला ड्रोनवाला हवा होता. मंजू अडून बसली, “सुलभाकाकी नाय तर फोटोच नको.” दिवाळीत काकीला ठरवलं. शिमग्याआधी तिचा नवरा गेला. बाराव्याला आम्ही सगळे तिच्या घरी जेवून आलो. हे लक्षात ठेवा.

लग्नाच्या सकाळी काकी मोकळ्या कपाळानं, कॅमेरा घेऊन आली. आईनं तिला मागच्या पडवीत नेलं. मी तिथंच नारळ सोलत होतो.

“दोन तासांचो प्रश्न, सुलभा. कुंकू लाय, गळ्यात माझी ही जुनी पोत घाल. व्हराडातल्या कोणाक कळतला?”

“वैनी, ह्या बरा न्हय. माका सरळ सांगा येव नको म्हणान, मी घराकडे जातंय.”

“आणि मंजू रडत बसली तर?”

काकीनं कॅमेरा पायरीवर ठेवला. आईनं स्वतःच्या बोटानं तिच्या कपाळावर कुंकू टेकवलं. मी पाहिलं. विधवांच्या मानासाठी पत्रकं छापून वाटणारा मी. सोलत राहिलो.

तिसरं मंगलाष्टक चाललं होतं. काकीनं सवयीनं कॅमेरा आईकडे वळवला, तेवढ्यात नवरदेवाची आत्या ओरडली, “अगो, ही सुलभा न्हय? हिचो घोव आताच गेलो मां! कपाळाक कुंकू लावन खंय मिरवतंस गो?”

भटजी थांबले. सगळं वऱ्हाड आमच्याकडे बघायला लागलं. आणि माझी आई, बाराव्याला जेवून आलेली माझी आई, म्हणाली, “आमका काय म्हायत? आमका हिना सांगल्यानच नाय.”

“फसयल्यान आमका!” मामानं री ओढली.

काकीनं खरं सांगितलं असतं तर वऱ्हाड तिथूनच परत फिरलं असतं. तिनं अंतरपाटाआडच्या मंजूकडे पाहिलं. “चुकलंय,” एवढंच म्हणाली. पदरानं कपाळ पुसलं आणि मंडपाबाहेर गेली. मागून कोणीतरी तिच्या वाटेवर पाणी शिंपडलं. उरलेले फोटो मामाच्या मोबाइलवर निघाले.

आठ दिवसांनी काकीनं काढलेले सगळे फोटो आले, सोबत रुमालात बांधलेली पोत. शेवटच्या फोटोत आई आहे, तोंड अर्धवट उघडं, खोटं बोलायच्या जरा आधीची. आईनं तो फाडला.

मी माफी मागायला गेलो. काकी मासळी धूत होती. वर न बघता म्हणाली, “पत्रकां छापतंस मां रे तू? मगे त्या दिवसा तुझा तोंड खंय गेल्ला?” मी तसाच मागे फिरलो.

आता गावोगाव एकच गजाल चालते, काकी खोटं कुंकू लावून शुभकार्यात घुसली. तिला लग्नाला कुणी बोलावत नाही. ओरोसला सरकारी कचेऱ्यांबाहेर ती अर्जावरचे फोटो काढते. “मान सरळ,” एवढंच बोलते.

कुंकू माझ्या आईनं लावलं होतं. मंजूला सगळं सांगून, तिच्या होकारानं हे पत्रक छापून हातोहात वाटतोय. आई माझ्याशी बोलत नाही. न बोलू दे.

तुम्ही, वाचणारे. तुळशीचं लग्न झालं की तुमच्या घरात कार्य निघेल, फोटोवाला ठरवायची वेळ येईल. ओरोसला जा. काकीची कीव करू नका, तिला मुहूर्त सांगा. आणि व्याह्यांना आधीच, चारचौघांत, तोंडावर सांगा: आमची फोटोवाली विधवा आहे, कुंकू लावणार नाही आणि अंतरपाटाशेजारी उभी राहणार. हे बोलायची हिंमत नसेल तर माझं पत्रक घरी नेऊ नका. इथंच परत द्या.