वास्तुशांतीची तारीख

कोर्टात खोटं बोलायची वेळ आली तर आपली जीभ अडखळेल, असं मला वाटायचं. कसली अडखळतेय! घडाघडा बोलले.

मी मंगळवार पेठेत ब्लाऊज शिवते. समोरच्या दारात गगनबावड्याकडून लग्न होऊन आलेली एक बाई राहायची, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. वर्षभराची चटणी करायला तिला मीच शिकवलं. मिरची किती भाजायची, खोबरं किती, लसूण कधी, सगळं. तिच्या नवऱ्याचं काम सुटलं तेव्हा तिला मिरच्या कुटायचा डंक घ्यायचा होता. मी दीड लाख हातउसने दिले. कागद नाही, साक्षीदार नाही. तिनंच रक्कम घालून, सही करून एक चेक माझ्या हातात ठेवला. "तारीख मोकळी ठेवलीया, वैनी. लागंल तवा घाला."

डंक असा चालला की फाल्गुनापासून गिऱ्हाइकांच्या गर्दीनं गल्लीतनं स्कूटर जाईना. चटणीची पाकिटं पुण्याला जायला लागली. माझा नवरासुद्धा एकदा जेवता जेवता म्हणाला, "तिच्या हाताला चव आहे." चव कुणाची, हे विचारायचं सोडून मी त्याच्या ताटात भाकरी वाढली. मी जळत होते, सरळ सांगते. पैशाचं म्हणाल तर ती "पुढच्या महिन्यात देतो" म्हणायची आणि मी "राहू दे गं" म्हणायचे. ती देणं लागते तोवर मी तिच्यापेक्षा वरचढ, हे मला आवडायचं.

मग तिनं उपनगरात दुमजली घर बांधलं. वास्तुशांतीला मला आग्रहानं बसवून माझी ओटी भरली, आणि पाहुण्यांना सांगत राहिली, "सगळं ह्या हातांनी केलंय." माझ्या दीड लाखाचा उल्लेख नाही, चटणीचा तर नाहीच. उपास आहे असं सांगून मी न जेवता घरी आले.

महिन्याभरात मी तो चेक बाहेर काढला. कुठली तरी तारीख घालायची होती. पेन टेकवल्यावर मनात जी ठसठसत होती तीच उतरली. चेक वटला नाही, घर बांधण्यात तिचं खातं रिकामं झालं होतं. मी वकील गाठला. नोटीस मिळाल्यावर ती माझ्या दारात आली, "घरात येऊन मागायचं सोडून कागूद धाडलासा व्हय?" एवढंच म्हणाली आणि गेली. तिनंही वकील केला.

"तारखेसकट चेक तिनंच त्या दिवशी दिला, एवढंच म्हणा," असं माझ्या वकिलांनी पढवलं होतं. कोर्टात मी तेच म्हणाले.

"कुठं दिला?" तिच्या वकिलानं विचारलं.

"तिच्या घरी."

त्यानं एक फोटो पुढं केला. "चेकवरची तारीख वास्तुशांतीची. त्या दिवशी घरातली लक्ष्मी कुणी बाहेर काढतं का हो, बाई?"

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. अख्ख्या कोल्हापुरात कुणी काढणार नाही, मीही काढली नसती. फोटोत ती वाकून माझी ओटी भरत होती आणि मी तिच्याकडं न बघता जिन्याच्या ग्रॅनाइटकडं बघत होते. माझं तोंड असं दिसतं हे मला माहीत नव्हतं.

"तारीख मी घातली," मी म्हणाले.

"हीच का?" न्यायाधीशांनी विचारलं.

"त्या दिवसाइतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं, साहेब."

माझ्या वकिलांनी कपाळाला हात लावला. तिचा वकील खुलला. पण तीच उठून उभी राहिली. "तारीख खोटी असंल, पैसं न्हाईत. घेतल्यात, देतो."

पुढच्या तारखेला तिनं व्याजासकट सगळे पैसे दिले. पेठेत जो तो म्हणायला लागला, बाई दिलदार! तिथंही तिनंच बाजी मारली, आणि मी पुन्हा जळले.

पैसे घेऊन कोर्टाबाहेर आले तर ती रिक्षाची वाट बघत उभी होती.

"फिटलं न्हवं, वैनी? चैत्रात आणा की मिरच्या. पर आता नंबर लावायचा."

इतकी वर्षं तिनं माझ्या मिरच्या सगळ्यांच्या आधी कुटल्या होत्या आणि कुटणावळीचा एक रुपया घेतला नव्हता. ते मला तिथं, रस्त्यावर उभं राहून आठवलं. तिची रिक्षा आली, ती बसून गेली. पैसे माझ्या पिशवीत होते, आणि ती आता माझं काहीच देणं लागत नव्हती.