वर्तमानपत्राचं कव्हर

शिरूर तालुक्यातल्या आपल्या गावचं वाचनालय आनंदआप्पांनी हौसेनं चालवलं. शेती भावावर टाकली, पण वाचनालय उघडायला कधी उशीर केला नाही. बौद्धवस्तीतलं कुणी आलं की न विचारताच ते बाबासाहेबांचं चरित्र काढून द्यायचे. यात आपलं मन किती मोठं, असं त्यांचं त्यांनाच वाटायचं.

दोन हजार साली वस्तीतली रश्मी आली. दहावीची पोर. आप्पांनी सवयीनं तेच पुस्तक पुढं सरकवलं.

"आप्पा, हे आमच्या घरी हाय. पाठ झालंय," ती म्हणाली. "मला भुताच्या गोष्टी द्या. आन् हे तुमच्या राजनंदिनीला न्या की. माझ्याच वर्गात हाय ती, तिनं अजून बघितलंबी न्हाई."

आपल्या आळीत हे पुस्तक आपण एकालाही दिलेलं नाही, हे तेव्हा कुठं आप्पांच्या ध्यानात आलं. खाली मान घालून त्यांनी तिला भुतं दिली.

संध्याकाळी ते चरित्र लेकीसाठी काखेत मारून निघाले. पारावर भावकी बसलेली दिसली, तसे मागं फिरले. वाचनालय पुन्हा उघडलं आणि पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं.

स्वतःची लाज वाटली. कव्हर मात्र काढलं नाही.