पाठीतले गज

इंदापूरच्या स्टँडवर बारामतीच्या गाडीची वाट पाहत मी बाकावर बसलो होतो. शेजारचे साठीचे गृहस्थ इतके ताठ बसले होते की मला ते कारखान्याचे संचालक वाटले. माझ्याकडे बघायला मात्र त्यांना मानेसकट सगळं अंग वळवावं लागे.

तेवढ्यात एक पुढारी जीपमधून उतरले आणि अख्खा स्टँड वाकू लागला. एक कार्यकर्ता माझ्या शेजारच्या गृहस्थांवर खेकसला, "तात्या, सायबांच्या पाया पडा की!"

"वाकता येत न्हाय, बाबा. पाठीत लोखंडी गज हायेत."

पुढारी गेल्यावर त्यांनी मला सगळं सांगितलं. कण्याला बाक येऊन ते वीस वर्षं कमरेत वाकलेले होते. दोन वर्षांपूर्वी पुण्यात ऑपरेशन करून गज बसवले आणि पाठ सरळ झाली. आता त्यातला एक गज मोडला होता. पुन्हा ऑपरेशन केलं तर पाय लुळा पडायची भीती, नाही केलं तर पुन्हा बाक. होय की नाही, ते आज बारामतीच्या डॉक्टरांना सांगायचं होतं.

"मग काय सांगणार?" मी विचारलं.

"करा म्हणणार. वीस वर्षं मी माणसं चपलांवरनं वळखायचो. ह्या सायबांचं तोंड आज पहिल्यांदा बघितलं."

"कसं वाटलं?"

"लई बघण्यासारखं न्हाय," ते म्हणाले, "पर आता तोंडं बघायची सवय लागली."