गयाबाईंचं पाणी पास होईना

तुम्ही कधी पेलाभर पाणी हातात घेऊन, "हे नेमकं आहे तरी कसं?" असा विचार केलाय का? नाही ना? मी अख्खी नोकरी तेच करत आले आणि अजूनही मला छातीठोकपणे सांगता येत नाही!

आमची पाणी तपासायची लॅब होती. तेव्हा शहराला औरंगाबादच म्हणायचो. गावोगावच्या विहिरींचं, बोअरचं पाणी आमच्याकडे यायचं आणि वाळूजकडच्या कारखान्यांचं सांडपाणीही. मी मॅट्रिक झालेली. बाटल्या धुवायच्या, नमुने मांडायचे, मीटरवरचा आकडा साहेबांना वाचून दाखवायचा, हे माझं काम. बाटल्यांच्या तळाला खार धरतो ना, तसे तिथले किस्से माझ्या डोक्यात साचलेत. कितीही घासा, निघत नाहीत!

आमचे केमिस्ट रत्नपारखी साहेब. पहिल्याच दिवशी त्यांनी मला पीएच समजावला. "सातच्या खाली गेलं की पाणी आम्ल, वर गेलं की अल्कली. पिण्याचं पाणी साडेसहा ते साडेआठमध्ये पाहिजे."

"म्हणजे कमी मार्क मिळाले तर नापास, साहेब?"

"हो."

"आणि जास्त मिळाले तर?"

"तरी नापास!"

माझा मुलगा त्या वर्षी दहावीला होता. मी हे घरी सांगितलंच नाही.

*

कन्नडकडच्या एका वस्तीवरून गयाबाई यायच्या. वस्तीला नवीन बोअर लागला होता. नळही बसले होते. पण पाणी पास झाल्याचा आमचा रिपोर्ट मिळाल्याशिवाय मोटर चालू करायची नाही, असा हुकूम होता. तोवर सगळ्या बाया खालच्या ओढ्यातून हंडे आणत होत्या. गयाबाईंच्या सुनेला सातवा महिना होता आणि तीही त्यातच.

पहिल्यांदा त्यांनी पाणी आणलं ते तांब्याच्या लोट्यात. वर पांढरं फडकं बांधलेलं. लोटा असा लखलखीत की तोंड दिसावं! आकडा आला चार.

साहेब घाबरले. "अहो, हे पाणी आहे का लिंबू सरबत?"

मी विचारलं, "गयाबाई, लोटा कशानं घासला?"

"चिंचेनं की! सरकारच्या दारात यायचं तर घाणेरडा लोटा आनायचा व्हय, बाई?"

*

एका कारखान्याचा सुपरवायझर दर महिन्याला सांडपाण्याचा नमुना घेऊन यायचा. पाणी नितळ, काचेसारखं. पीएच कायम सातच्या आसपास. साहेब खूश! येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "बघा, याला म्हणतात शिस्त."

एके दिवशी शहराला पाणी नव्हतं. व्हरांड्यातला आमचा नळ कोरडा. मी बाहेर आले तर हा गृहस्थ त्या नळापाशी रिकामी बाटली घेऊन उभा!

मला बघून जरा दचकला. मग फार अदबीनं म्हणाला, "ताई, पाणी कधी येतंय आज?"

*

गयाबाई परत आल्या, तेव्हा बाटली आमचीच होती. मी स्वतः धुऊन दिलेली. "कशानं घासायची नाही, काही घालायचं नाही, मोटर नमुन्यापुरती लावून भरायची आणि बूच मारायचं," असं चारदा सांगितलं होतं. त्यांनी तसंच केलं. तरी पाणी पिवळं!

साहेबांनी त्यात रंग दाखवणाऱ्या औषधाचे थेंब टाकले. जो रंग आला, तो आमच्या तक्त्यावरच नव्हता. साहेबांनी तक्ता उलटा धरून बघितला. मग मला विचारलं, "ताई, तुम्हाला हा कुठला दिसतो?" मी म्हटलं, "माझ्या एका साडीचा आहे, साहेब."

गयाबाई शांतपणे बसलेल्या. विचारल्यावर म्हणाल्या, "बाटलीत काय नाय घातलं. बोअरात घातलं. नव्या पान्याला हळद-कुंकू वाह्यल्याबिगर हात लावत्यात व्हय?"

जाताना मात्र दारात थबकल्या. "बाई, काल सून ओढ्यावर घसरली. देवानं राखलं. एवढं पानी पास करा."

पास करणारी मी कोण!

*

मग आमचा मीटरच बिघडला. साहेब रजेवर जाताना त्याची पाण्यात बुडवायची कांडी छान पुसून, कोरडी करून कपाटात ठेवून गेले. ती कांडी कायम ओली ठेवायची असते, हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं! परत आले तर मीटर कशालाही सातच सांगायचा. नळाचं पाणी सात. चहा सात. लिंबू पिळलं, सात!

आमचे जीपचे ड्रायव्हर सलीमभाई कौतुकानं बघत होते. "हौ साब, एकदम भला आदमी है. किसीकू नापास नहीं करता!"

मी साहेबांना हळूच म्हटलं, "गयाबाईंचं पाणी आजच आणायचं का?"

साहेब हसले नाहीत.

*

नवीन मीटर आला, डब्यासारखा, कुठंही नेता येणारा. सलीमभाईंनी मधे बाटल्या भरून आणल्या होत्या आणि बाकीच्या तपासण्यांत ते पाणी पास झालं होतं. राहिला पीएच. साहेब म्हणाले, "आता लोटा नको, बाटली नको. आपणच जाऊ."

सगळी वस्ती बोअरभोवती जमली. सूनही आली, कमरेवर हात ठेवून. मोटर लावली, बरंच पाणी सोडून दिलं, मग बादली भरली. साहेबांनी कांडी बुडवली. मी आकडा वाचला, सहा पॉइंट तीन.

नापास!

पुन्हा बादली भरली. पुन्हा तेच. सून वळली आणि रिकामा हंडा घेऊन ओढ्याकडे निघाली.

गयाबाई म्हणाल्या, "आता आलाच हाय तर दोन घास खाऊन जा. भाकरी टाकल्यात."

पिठलं-भाकरी, ठेचा. नाही कसं म्हणणार? जेवण झालं. साहेब हात धुवायला त्याच बादलीपाशी आले आणि काय मनात आलं कोण जाणे, कांडी परत पाण्यात घातली. मी बघितलं. डोळे पुसून परत बघितलं.

सहा पॉइंट नऊ.

"बादली कुणी बदलली?" साहेबांनी विचारलं.

कुणीच नाही. सलीमभाई तिथंच बाजेवर बसून होते. "साब, मेरे सामने है. चिडिया भी नहीं आई."

साहेबांनी मीटर तपासून घेतला. मीटर ठीक. परत कांडी घातली. सहा पॉइंट नऊ.

गयाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "साहेब, आमच्या गावचं पानी पाव्हना जेवल्याबिगर खरं बोलत नाय!"

साहेब बादलीकडे बघत पुटपुटले, "खोल बोअरच्या पाण्यात वायू विरघळलेला असतो. आपण जेवलो तोवर तो उडाला, म्हणून आकडा चढला." मी विचारलं, "साहेब, कुठला आकडा धरायचा?"

साहेबांना मधुमेह होता. ते म्हणाले, "जेवणानंतरचा."

साहेबांनी तिथंच रिपोर्ट लिहून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीवरची मोटर सुरू झाली आणि गयाबाईंच्या सुनेनं दारातल्या नळावर पहिला हंडा भरला.