होडी आधी कुणाकडे

गावच्या नावाड्याला सगळे तराजू म्हणत. होडीत माणसं तो मानापानावर नाही, वजनावर बसवायचा. एकदा एक जाडजूड फौजदार पुढची जागा अडवून बसले, तर हा म्हणाला, "साहेब, पाण्याला टोपी दिसत नाही, भार दिसतो. मध्ये सरका." धक्क्यावरची माणसं पोट धरून हसली. फौजदार सरकले.

जेवताना तो बायकोला सांगायचा, "बुडणाऱ्याचा जीव तो जीव. आपला कोण, परका कोण, हे काठावरच्यांनी ठरवलेलं." ती ताट पुढे सारत म्हणायची, "बोलायला काय जातंय!"

मग त्या वर्षी नदी चढली. सकाळी सकाळी धक्काच वाहून गेला. होडीत तराजू आणि जोडीला त्याचा मेहुणा. डावीकडे तराजूचं घर. कौलांवर बायको, तिच्या कमरेला पदराने बांधलेली लेक. उजवीकडे वीटभट्टी. तिथली परमुलखातून आलेली दहा-बारा माणसं कच्च्या विटांच्या थप्पीवर चढलेली. कच्ची वीट म्हणजे वाळलेला चिखल. खालचे थर विरघळायला लागले होते.

तराजूने होडी उजवीकडे वळवली.

"दाजी, ताई तिकडं आहे!" मेहुणा किंचाळला.

"दिसतंय मला. घराचा पाया दगडी आहे. ती थप्पी टिकायची नाही."

"आणि घर नाही टिकलं तर?"

तराजू सारा जन्म पाण्यावर काढलेला माणूस; त्या सकाळी तो पाण्याला भ्याला नाही, स्वतःच्या हातांना भ्याला. हात उजवीकडेच वल्हवत होते. मागून "बाबा, बाबा" अशा हाका येत होत्या. त्याने मान वळवली नाही. मान वळली असती तर होडीही वळली असती.

एका खेपेत सगळे मावेनात. अर्धे टेकडीला उतरवून तो माघारी आला, तेव्हा घराची एक भिंत बसलेली. थप्पीवर अजून पाच जण.

"आता तरी!" मेहुणा रडायला लागला.

तराजू पुन्हा उजवीकडे गेला. शेवटचा माणूस होडीत आला आणि थप्पी चिखल होऊन पाण्यात बसली.

घरापाशी पोचला तेव्हा कौलं गेली होती. आढ्याला मिठी मारून दोघी लोंबकळत होत्या. जिवंत.

टेकडीवर भट्टीची माणसं त्याच्या पाया पडायला आली. तो मागे सरला. बायको कुडकुडत म्हणाली, "पुन्हा असं पाणी आलं तर?"

खोटं बोलावं असं त्याला फार वाटलं. लेक टक लावून बघत होती.

"जिकडं जास्त जीव, तिकडं," तो म्हणाला.

"मग घर इथं वर बांधा," बायको म्हणाली. "आणि त्याआधी पोरीला पोहायला शिकवा."

नदी उतरल्यावर तो लेकीला आणि मेहुण्याला घेऊन काठावर गेला. त्याने हात पुढे केला. पोरीने मामाचा हात धरला आणि पाण्यात पाय घातला.