पणजोबांचा एकुलता एक फोटो

आमच्या पणजोबांना घरातल्या कुणीच पाहिलेलं नव्हतं. तरी दर पित्राला आम्ही त्यांच्या फोटोला हार घालून खिरीचं ताट दाखवायचो. निजामाच्या काळात ते शेती सोडून फोटो काढत हिंडायचे, एवढीच त्यांची कीर्ती. (शेती सोडून बाकी सगळं करायचा वारसा मी नेटानं चालवलाय.)

यंदा माळ्यावरची जुनी पेटी उघडली, तर आत त्यांचा कॅमेरा आणि काचांवरचे फोटो निघाले. माणसांची तोंडं काळी, केस पांढरे. आई म्हणाली, भुतं दिसायलीत, ओढ्यात टाकून ये. मी जिंतूरच्या स्टुडिओतून त्यांचे मोठे फोटो करून आणले, पित्राच्या दिवशी ओसरीत टांगले आणि आमच्या घराण्यात कलाकार होऊन गेला म्हणून गल्लीभर सांगत सुटलो. जेवायला सोपानतात्यांनाही बोलावलं. त्यांचं शेत आमच्या शेताला लागून, आणि बांधावरून पिढ्यान्पिढ्या भांडण. म्हणूनच तर बोलावलं. जळू दे जरा!

तात्या एका फोटोपाशी थबकले. त्यात त्यांच्याच घराचा कोरीव दरवाजा, समोर त्यांचं सगळं खानदान, आणि मधोमध खुर्चीवर आमचे पणजोबा! तात्यांनी हार घातलेल्या फ्रेमकडं पाहिलं, परत खुर्चीकडं पाहिलं.

"वैनी," ते आईला म्हणाले, "ह्यो तर आमचा आजा हाय."

मी उसळलो. म्हटलं, बांध कोरला तेवढा पुरे, आता पणजोबाही घेता का? पण सगळे फोटो पुन्हा बघितले, तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. फोटो काढणारा फोटोत येणार कसा? पणजोबा एकाही काचेवर नव्हते. घरात छापलेला फोटो एकच होता, म्हणून कधीतरी कुणीतरी त्यालाच हार घातला असणार.

तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आज्याच्या आठवणीनं.

"दर पित्राला आमच्या पानाला कावळा शिवत न्हाई," ते म्हणाले. "आमी तिकडं हात जोडून उभे, अन् आजा इथं खीर खायलाय."

आईनं फ्रेम उतरवून तात्यांना दिली, वर डबाभर खीरही दिली. भिंत ओकीबोकी बघवेना, म्हणून उरलेला हार कॅमेऱ्याला घातला.

आमच्या लग्नकार्यांत सगळ्यांचे फोटो काढायचं काम माझ्याकडंच असतं. त्या दिवसापासून मात्र मी शेतात, बसस्टँडवर, न्हाव्याच्या खुर्चीत, बसेल तिथं स्वतःचेच फोटो काढायलोय. उद्या माझ्या वाटची खीर सोपानतात्यांनी खाल्ली, तर मी वरून दाद कुणाकडं मागू?