पदरातले गोचीड

"डोईचा पटका काढ रे."

मी काढला.

"पूस."

मी गुडघ्यावर बसलो. गोठ्याच्या फरशीवर रक्ताचा एक थेंब पडला होता, हरभऱ्याएवढा. तो पटक्यानं पुसला.

"आता बांध."

मी पटक्याकडं पाहिलं. मालक बाजेवर बसून सुपारी कातरत होते. त्यांचा अडकित्ता थांबला. मी पटका बांधला. ओला डाग कपाळाला टेकला तसं कुणीतरी हसलं, मग सगळे हसले. मीही हसलो. हे आधीच सांगून टाकतो. मीही हसलो.

माझी बायको तुळसा दोन बैल सोडून पलीकडं उभी होती. ती हसली नाही.

ही गोष्ट निजामाच्या राज्यातली, नेकनूरच्या बाजूच्या एका गावातली. आमची वस्ती ओढ्यापलीकडं. पोळ्याआधी आठ दिवस वस्तीला मालकाची वेठ लागायची. त्यांच्या गुरांचे गोचीड वेचायचे. कानाच्या पाळीत, कासेत, शेपटीखाली ते चिकटलेले असत. रक्त पिऊन एरंडीच्या बीसारखे फुगलेले. एकेक चिमटीत धरून ओढायचा. दुपारपर्यंत बोटं सोलून निघायची.

पण गोचीड गोठ्यात मारायचा नाही, असा नेम होता. त्याच्या पोटात गाईचं रक्त. ते गोठ्यात सांडलं तर मालकाला पाप. म्हणून जिवंत गोचीड गावाबाहेरच्या उकिरड्यावर न्यायचे आणि तिथं जाळायचे. न्यायचे कशात? आमचं गाडगं गोठ्यात चालत नव्हतं. मालकाचं गाडगं आमच्या हाताला लागलं तर बाटत होतं. मग राहिलं अंगावरचं कापड. पुरुष धोतराच्या सोग्यात बांधायचे. बायका पदर खोचून ओटी करायच्या. लग्नात नारळ आणि खण घालतात ती ओटी. तिच्यात वळवळणारे गोचीड.

त्या दिवशी माझ्या चिमटीत एक फुटला. एवढाच माझा गुन्हा.

माझा चुलता, त्याला आम्ही तात्या म्हणायचो, जाताना मला म्हणाला, "मनाला लावून घेऊ नगं. माणसापरीस गोचीड बरा. त्यो जातपात बघत न्हाई. बैलाचं बी पितो, आपलं बी पितो." तात्या असंच बोलायचा. त्यावर मी पुन्हा हसलो.

दुसऱ्या दिवशी मालक कारभाऱ्याला म्हणाले, "ह्याला मुकादम कर. गडी ऐकणारा हाय."

मी मुकादम झालो. आता गोचीड वेचायचे नाहीत. दारात उभं राहायचं आणि ओरडायचं. "पदर नीट धरा गं! एक बी खाली पडता कामा न्हाई!" कपाळावरचा डाग धुऊन निघाला होता. मला वाटलं, मी सुटलो. सुटलो म्हणजे गोचिडासारखा दुसऱ्यांच्या पदरात जाऊन पडलो, हे तेव्हा कळलं नाही. की कळलं होतं? खरं सांगायचं तर कळलं होतं.

दर पोळ्यानंतर वस्तीत तापाची साथ यायची. डोकं फुटायचं, अंगावर लाल ठिपके उठायचे. आम्ही म्हणायचो, देवी आली. लिंबाचा पाला अंथरायचो, फोडणी बंद करायचो, वाट पाहायचो. काही उठायचे, काही नाही.

एका साली एक म्हातारा धनगर मेंढरं घेऊन आमच्या शिवारात उतरला होता. आजारी पडलेल्या एका पोरीच्या काखेत त्यानं काळी खपली पाहिली आणि मला बाजूला घेतलं.

"ही देवी न्हाई, पाव्हणं. ह्यो गोचिडाचा ताप हाय. आमची माणसं बी मरत्यात ह्यानं. घरी आलं की कापडं झाडायची. काखा, जांघा, केसाची मुळं बघायची. चिकटलेला घावला तर चिरडायचा न्हाई. कातडीला लागून धरायचा अन् सरळ वढायचा."

मी हे मालकाला सांगितलं. भीत भीत, पण सांगितलं. एक गाडगं द्या म्हणालो, त्यात राख घालू, म्हणजे गोचीड वर चढणार नाहीत.

मालक म्हणाले, "धनगर हकीम कवा झाला रे? कामाचा कंटाळा आला की ताप येतो तुमाला."

मी वस्तीवर आलो. धनगराचं बोलणं बायकांना ठाऊक होतं, गाडगं मिळतं का म्हणून त्या वाट पाहत होत्या. मी म्हणालो, "कामाचा कंटाळा आला की ताप येतो तुमाला." तेच शब्द, तसाच सूर. मान सुद्धा मालकासारखी हलवली.

त्याच्या पुढच्या पोळ्याची गोष्ट. वेठीचा पहिला दिवस संपला. तुळसा ओढ्यावर हातपाय धुऊन आली आणि माझ्यापुढं पाठ करून बसली. तिनं केस मोकळे सोडले.

"आवं, त्यो धनगर म्हणला तसं जरा केसं बघता का माजी? कानामागं काय तरी सळसळतंय."

मी म्हणालो, "बायकांच्या उवा बघाया मुकादम झालो का मी?"

तिनं केस बांधले आणि चुलीकडं गेली. आठ दिवस तिनं पदर पसरला. माझ्याच हाळीवर.

पोळ्याच्या सकाळी तिला ताप भरला. बैल सजले, वाजतगाजत वेशीतून गेले. ती आत पडून होती. चौथ्या दिवशी ठिपके उठले, तळहातांवर, तळपायांवर. वस्ती म्हणाली, देवी. मीही लिंबाचा पाला आणला. मला माहीत होतं आणि मी लिंबाचा पाला आणला. नवव्या दिवशी ती गेली.

शेवटची आंघोळ घालताना तात्याच्या बायकोनं मला हाक मारली. "हिकडं ये. बघ." तुळसाच्या उजव्या कानामागं, केसांच्या मुळाशी, गव्हाएवढी काळी खपली होती. मी त्या दिवशी नुसता हात फिरवला असता तरी बोटाला लागला असता तो गोचीड.

पुढच्या वर्षी वेठीचा दिवस आला. मी गोठ्यात गेलो. तीन दिवसांपासून माझ्या कमरेला एक गोचीड चिकटला होता. मला माहीत होतं. मी काढला नव्हता. पिऊ दिला होता.

मालक बाजेवर होते. म्हणाले, "मुकादम, लाव कामाला."

मी बंडी वर केली. तो गोचीड ओढून काढला आणि फरशीवर ठेवला. चांगला टपोरा झाला होता.

"मालक, ह्यात गाईचं रगत न्हाई. ह्यो माजं पिऊन फुगलाय. हे सांडलं तर पाप लागतं का?"

मी अंगठा ठेवला आणि दाबला. फरशीवर रक्त पसरलं.

"असल्याच गोचिडानं माजी बायको नेली. ह्या गोठ्यातनं, तिच्याच पदरात. आता आमी पदर पसरणार न्हाई."

"पूस ते," मालक म्हणाले. आवाज चढला नव्हता.

"न्हाई पुसत."

मला मारलं. गावाबाहेर काढलं. झोपडी पाडली. ते सांगण्यासाठी मी लिहीत नाही. लिहितो ते यासाठी की मी मागं वळून पाहिलं तेव्हा वस्तीतल्या बायकांनी पदर खोचले होते आणि तात्या खाली मान घालून बैलाचा कान चाचपत होता. मी "आमी" म्हणालो होतो. तिथं मी एकटाच होतो. बरोबरच होतं ते. इतकी वर्षं दारात उभं राहून मीच त्यांना पदर पसरायला शिकवलं होतं.

आता पन्नाशी जवळ आली. मला माफी नको. ती देणारी उरली नाही आणि दुसऱ्या कुणाची मी घेणार नाही. आषाढ लागला की मी वस्त्या-वस्त्या फिरतो. लोकांना कापडं झाडायला सांगतो. कानामागं बघायला सांगतो. मालकांची माणसं काही गावांत मला वेशीवरूनच हाकलतात. मग मी ओढ्याच्या वाटेनं जातो.

पोळा आठ दिवसांवर आला आहे. यंदा मी त्याच गावात जाणार, त्याच गोठ्यात. कुंभाराकडून गाडगी घेतली आहेत, त्यांत राख भरली आहे. आमच्या हाताची गाडगी, गोठ्यात न चालणारी. जी बाई पदर खोचेल तिच्यापुढं एक ठेवणार. मालक फोडतील.

फोडलं की तिथंच दुसरं ठेवणार.